आईच्या कुड्या, सुनेची अंगठी आणि डी ते झेड

२०२४ ची दिवाळी झाली आणि त्याच आठवड्यात मुलाचं लग्न ठरलं. साखरपुडा १६ फेब्रुवारीला, साताऱ्यात. सुनेला हिऱ्याची अंगठी घालायची हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं आणि त्यासाठी एक लाख रुपये बाजूला काढले होते. सोन्याचं मला कळतं. घट किती धरतात, घडणावळ कुठे जास्त लावतात, मोड घालताना काय विचारायचं, हे इतक्या वर्षांत अंगवळणी पडलंय. हिरा मात्र मी कधीच विकत घेतला नव्हता. पुढच्या तीन महिन्यांत जे करत गेले ते तारखांसकट वहीत लिहून ठेवलं होतं. भिशीतल्या दोघीतिघींनी ती वही मागितली, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

९ नोव्हेंबरला, शनिवारी, आम्ही पुण्याला लक्ष्मी रोडवर गेलो. एका मोठ्या दुकानात विक्रेत्याने मखमली ट्रेमध्ये दोन अंगठ्या ठेवल्या. दोन्हींत एकेकच हिरा, आकार सारखा. "ही ईएफ-व्हीव्हीएस, एक लाख अडतीस. आणि ही जीएच-व्हीएस, शहाण्णव हजार." मी दोन्ही बोटांत घालून पाहिल्या. वरून दिव्यांचा झोत पडत होता आणि दोन्ही सारख्याच झळाळत होत्या. फरक काय, असं विचारलं तर उत्तर आलं, "क्वालिटीचा, मॅडम." पुढचं काय विचारावं ते मला सुचेना. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. विचार करून सांगतो म्हणून उठलो. परतीच्या वाटेवर कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत मी गप्प होते. बेचाळीस हजारांचा फरक माझ्या डोळ्यांना दिसला नव्हता, आणि तो दिसायला हवा होता की नाही हेही मला माहीत नव्हतं.

खरी सुरुवात मात्र अंगठीने झाली नाही. ती आईच्या कुड्यांनी झाली.

आईचं लग्न १९६२ सालचं. तेव्हा तिच्या वडिलांनी सात-सात हिऱ्यांच्या कुड्या केल्या, मध्ये एक मोठा आणि भोवती सहा. "निळ्या पाण्याचे हिरे आहेत" हे आजोबांचं वाक्य आमच्या घरात पिढीजात चालत आलेलं. आई आता ८२ वर्षांची आहे. नातसुनेला साखरपुड्यात या कुड्या द्यायच्या असं तिच्या मनात होतं. १८ नोव्हेंबरला मी त्या धुऊन, पॉलिश करून आणायला आमच्या नेहमीच्या सराफकाकांकडे घेऊन गेले. काकांनी सहज म्हणून एक जाड पेनासारखं यंत्र काढलं आणि त्याचं टोक एकेका हिऱ्यावर टेकवलं. हिरा उष्णता फार वेगाने वाहून नेतो, त्यावर हे यंत्र चालतं आणि हिरा असला की वाजतं. तेरा वेळा वाजलं. डाव्या कुडीतल्या एका कडेच्या खड्यावर वाजलं नाही. काकांनी टोक पुसून पुन्हा लावलं, मग तिसऱ्यांदा लावलं.

"ताई, हा अमेरिकन डायमंड वाटतोय."

माझ्या पोटात खड्डा पडला. पहिला विचार आला तो हा, की आईला काय सांगायचं.

काका म्हणाले, "घाई करू नका, प्रयोगशाळेत दाखवा." या पेनाची मर्यादाही त्यांनीच सांगितली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावरही ते वाजतं, कारण तोही हिराच असतो. मॉयसनाइट नावाचा खडाही त्याला फसवू शकतो. म्हणजे पेन वाजलं याचा अर्थ 'खाणीतला हिरा' असा होत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं.

माझ्या मावसभावाचा मुलगा मुंबईत बीकेसीला हिऱ्यांच्या ऑफिसात असॉर्टमेंटला आहे. दिवसभर चिमट्याने हिरे उचलून रंगाप्रमाणे, डागांप्रमाणे वेगळे करायचे, हे त्याचं काम. त्याला फोन केला. "आत्या, आमच्या बोर्समध्ये, म्हणजे हिरेबाजाराच्या इमारतीत, तुला पासशिवाय येता नाही येणार. रविवारी दादरला घरी ये, सकाळी लवकर. ऊन पाहिजे." ३० नोव्हेंबरला मी बोरिवली एसटीने निघाले, महिलांना अर्धं तिकीट असल्याने प्रवास स्वस्तात झाला. निघण्यापूर्वी दोन गोष्टी केल्या, त्या तुम्हीही करा. काकांकडून कुड्यांचं वजन चिठ्ठीवर लिहून घेतलं, ६.८४ ग्रॅम. आणि पट्टी शेजारी ठेवून पुढून-मागून फोटो काढले.

१ डिसेंबरच्या सकाळी त्याच्या बाल्कनीत बसून मी जे शिकले, ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर लक्ष्मी रोडवर मी तशी गप्प बसले नसते.

त्याने प्रथम भिंग कसं धरायचं ते शिकवलं. दहापट मोठं दाखवणारं भिंग अगदी डोळ्याला चिकटवायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, दोन्ही हात एकमेकांना टेकवायचे म्हणजे ते हलत नाहीत, आणि दागिना हळूहळू जवळ आणायचा. दहा मिनिटं मला नुसता झगमगाट दिसला. मग एकदम मधल्या हिऱ्याच्या आत एक बारीक पांढरी रेघ दिसली, पाखराच्या पिसासारखी. "तिला फेदरच म्हणतात," तो म्हणाला. "आत एखादा काळा कण असेल, ढगासारखं धुरकट असेल, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका असेल. हे सगळं दहापटीत बघून जी पायरी ठरते ती क्लॅरिटी." अशा पायऱ्या अकरा आहेत. अगदी वर निर्दोष, मग फक्त बाहेरून बारीक खुणा असलेला, त्याखाली व्हीव्हीएसच्या दोन, व्हीएसच्या दोन, एसआयच्या दोन आणि शेवटी आयच्या तीन. व्हीव्हीएसमधला डाग शिकलेल्या माणसालाही भिंगातून मुश्किलीने सापडतो. व्हीएसमधला भिंगातून सापडतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एसआयला हिरा हातात घेऊन बघायचा, काहींत दिसतो, काहींत नाही. आयमध्ये बहुधा दिसतोच.

मी त्याला त्या दोन अंगठ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "तू जास्तीचे पैसे जे देणार होतीस, त्यातले बरेचसे भिंगातूनसुद्धा तुला न दिसणाऱ्या गोष्टीचे होते. ते खोटे नाहीत, तसा हिरा खरंच कमी मिळतो. पण सूनबाईच्या बोटात त्याने काय फरक पडणार, ते तू ठरव."

रंगाचं प्रकरण मला जास्त आवडलं. अमेरिकेतली जीआयए ही रत्नपरीक्षेची संस्था १९३१ मध्ये सुरू झाली. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं व्यापारी आपापल्या मनाने ए, डबल ए, ट्रिपल ए असं काहीबाही म्हणायचे. तो गोंधळ नको म्हणून १९५० च्या दशकात जीआयएने नवी मोजपट्टी केली, ती मुद्दाम डीपासून सुरू केली. डी म्हणजे अजिबात रंग नसलेला, आणि झेडपर्यंत पिवळसर किंवा तपकिरी झाक वाढत जाते. डी-ई-एफ रंगहीन, जी ते जे जवळपास रंगहीन, केपासून झाक जाणवू लागते. रंग बघताना हिरा उलटा ठेवतात, टोक वर करून, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, आणि शेजारी आधीच रंग ठरवलेले नमुन्याचे हिरे ठेवून ताडून पाहतात. सरळ ठेवला तर त्याची चमकच रंग लपवते. दुकानात मला दोन्ही अंगठ्या सारख्या का दिसल्या, त्याचं अर्धं उत्तर इथे मिळालं. उरलेलं अर्धं वरच्या दिव्यांत होतं. म्हणून अंगठी दाराशी नेऊन, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात पाहायची. नेऊ द्या म्हटलं की देतात, फक्त सोबत त्यांचा माणूस येतो.

मी कुड्या पांढऱ्या कागदावर धरल्या. त्याने बराच वेळ पाहिलं. "आत्या, हे के-एलच्या आसपास असतील. पिवळसर आहेत."

मला वाईट वाटलं. निळ्या पाण्याचे म्हणून साठ वर्षं ज्यांचं कौतुक केलं ते पिवळसर निघाले. मग त्याने पडदा ओढला आणि एक अतिनील किरणांची छोटी बॅटरी लावली. पाच हिरे निळे पेटले. अगदी मोरपिसाच्या डोळ्यासारखे. याला फ्लुरोसन्स म्हणतात. काही हिऱ्यांत तो असतो आणि उन्हात अतिनील किरणं असल्यामुळे असा हिरा उघड्यावर थोडा निळसर दिसू शकतो. आजोबांनी कुड्या पेढीबाहेरच्या उन्हात धरून पाहिल्या असतील. त्यांनी जे पाहिलं ते खरंच होतं, आणि हे कळल्यावर मला जे बरं वाटलं ते कुठल्याही पायरीत मोजता यायचं नाही.

कॅरेटचं थोडक्यात. सोन्याचा कॅरट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा कॅरेट वजन. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्याचे शंभर सेंट. बाजारात "दहा सेंटचा", "पन्नास सेंटचा" असंच बोलतात. चौथी गोष्ट कट, म्हणजे पैलू किती नेमके पाडलेत. गोल हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात आणि आत शिरलेला उजेड परत डोळ्यांकडे यायचा की खालून निसटून जायचा, हे त्यांच्या कोनांवर ठरतं. भाचा म्हणाला, "चारांपैकी निसर्गाच्या हातात तीन आणि कारागिराच्या हातात हा एक. पण डोळ्यांना सगळ्यात आधी हाच दिसतो. रंगात खाली उतर, क्लॅरिटीत उतर, कटमध्ये उतरू नकोस." शेवटी त्याने बाजारातला एक शब्द दिला, बीजीएम. ब्राऊन, ग्रीन, मिल्की. हिरा तपकिरी, हिरवट किंवा दुधी नाही ना, हे दुकानात स्पष्ट विचारायचं, कारण नुसती दोन अक्षरं ऐकून दुधीपणा कळत नाही.

२ डिसेंबरला, सोमवारी, कुड्या प्रयोगशाळेत दिल्या. खिडकीवर अर्ज भरावा लागला. वस्तूचं वर्णन, खड्यांची संख्या, माझ्या अंदाजाने किंमत, सोबत आधार आणि पॅनच्या झेरॉक्स. तिथल्या बाईंनी माझ्यासमोर वजन केलं, ६.८४ ग्रॅमच आलं, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद करून त्यावर माझी सही घेतली. जोडीचा मिळून एकच अहवाल, शुल्क १,५०० आणि १८ टक्के जीएसटी, एकूण १,७७० रुपये. सहा कामाचे दिवस लागतील म्हणाल्या. मला साताऱ्याला परतायचं होतं, म्हणून साध्या कागदावर भाच्याच्या नावाने अधिकारपत्र लिहिलं आणि मूळ पावती त्याच्याकडे दिली. पावतीशिवाय अधिकारपत्राचा उपयोग नव्हता, हे विचारलं म्हणून कळलं.

ते आठ दिवस वाईट गेले. आई रोज विचारायची, "पॉलिश व्हायला एवढे दिवस?" आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची.

१० डिसेंबरला भाच्याने अहवालाचा फोटो पाठवला. तेरा नैसर्गिक हिरे, जुन्या पद्धतीचा गोल कट, रंग के-एल, क्लॅरिटी व्हीएस ते एसआय, अंदाजे एकूण वजन १.४४ कॅरेट. एक खडा क्युबिक झिरकोनिया, म्हणजेच काका म्हणाले तो अमेरिकन डायमंड. खाली एक ओळ होती, की हिरे कोंदणात बसवलेले असल्यामुळे कोंदण परवानगी देईल तितपतच प्रतवारी केली आहे. ही ओळ महत्त्वाची आहे. बसवलेला हिरा काट्यावर ठेवता येत नाही. त्याचा व्यास आणि उंची मोजून सूत्राने वजन काढतात, आणि रंगही सोन्याच्या झाकेमुळे नेमका सांगता येत नाही. म्हणून मोठा हिरा घेताना तो बसवण्याआधीच्या अहवालासकट घ्यायचा. किंमत मात्र अहवालावर कुठेच नव्हती. प्रतवारी वेगळी आणि भाव वेगळा.

क्युबिक झिरकोनिया बाजारात आला १९७६ पासून. म्हणजे १९६२ च्या कुडीत तो मुळात असूच शकत नव्हता. आईला एकदा कुडी दुरुस्तीला दिल्याचं आठवत होतं, मी शाळेत असताना. पेढी कुठली, ते आता सांगून उपयोग नाही. खडा कोणी बदलला, केव्हा बदलला, याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण तेव्हा दागिना देताना ना वजन लिहून घेतलं होतं, ना खडे मोजले होते.

१५ डिसेंबरला कुड्या घरी आल्या आणि मी आईला सगळं सांगितलं. लपवायचं माझ्या मनाला पटेना. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "डावीकडचा ना? खालचा?" मी हो म्हटलं. "तो सारखा रंग मारायचा. लाल-हिरवा. मला वाटायचं, तो सगळ्यात चांगला." आणि ते शास्त्राप्रमाणे बरोबर होतं. झिरकोनिया हिऱ्यापेक्षा जास्त इंद्रधनुषी रंग फेकतो. आईच्या डोळ्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वीच ओळखलं होतं, फक्त त्याचा अर्थ सांगायला कुणी नव्हतं.

आता अंगठी. आईचं म्हणणं, पौषात खरेदी नको, म्हणून ३१ डिसेंबरला पौष लागायच्या आत ठरवणं भाग होतं. त्याआधी मुलाने आणि सुनेने एक प्रश्न टाकला होता, प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा का नको? मी तोही पाहून आले. त्याचीही प्रतवारी तेव्हा याच चार गोष्टींनी होत होती, कमरेवर, म्हणजे हिऱ्याच्या मधल्या कडेवर, तसं कोरलेलं असतं, आणि पन्नास सेंटचा, ई रंगाचा, व्हीव्हीएस मला चौदा हजारांना सांगितला. कठीणपणा तोच, चमक तीच. ज्यांना मोठा हिरा हौसेने घालायचा आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. मी ज्या दोन दुकानांत विचारलं तिथे तो परत घेण्याची हमी मिळाली नाही, एवढं सांगते. सुनेशी मी स्वतः फोनवर बोलले. ती म्हणाली, "आई, मला आकाराचं काही नाही. त्या कुड्यांबरोबर घालता येईल असा असू दे." मग नैसर्गिकच घ्यायचा ठरला.

या वेळी मी प्रत्येक दुकानात आधी अहवालाचा क्रमांक मागितला आणि किंमत नंतर विचारली. एका ठिकाणी त्यांचंच छापलेलं सुंदर कार्ड दिलं, त्यावर दुकानाचं नाव आणि "ईएफ-व्हीव्हीएस" एवढंच. ते दुकानाचं म्हणणं झालं, प्रयोगशाळेचं नव्हे. बारीक बारीक हिऱ्यांच्या दागिन्यात प्रत्येकाचा वेगळा अहवाल निघत नाही, हे खरं आहे. तिथे पूर्ण दागिन्याचा अहवाल मागावा. पण एकट्या हिऱ्याच्या अंगठीला, जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचा स्वतंत्र क्रमांक नसेल तर मी तरी पुढे बोलले नाही.

२१ डिसेंबरला पुण्यातल्या एका मध्यम दुकानात मालकांनी माझं ऐकून घेतलं आणि मुंबईहून चार हिरे जांगडवर मागवले. म्हणजे पसंत पडले तर ठेवायचे, नाही तर परत. २८ तारखेला, शनिवारी, ते चार पुड्यांत माझ्यासमोर होते. त्यातल्या दोघांवर मी अडकले. एक बरोबर पन्नास सेंटचा, दुसरा सत्तेचाळीस. रंग दोघांचा जी, क्लॅरिटी व्हीएस २. पन्नासवाला सतरा हजारांनी महाग. अर्धा कॅरेट, एक कॅरेट अशा गोल आकड्यांवर भाव एकदम उडी मारतो, हे भाच्याने सांगितलं होतं. मी दोन्ही अहवालांतली मापं वहीत शेजारी शेजारी लिहिली. पन्नासचा व्यास ५.०३ मिलिमीटर, उंची व्यासाच्या ६४.५ टक्के, कट व्हेरी गुड. सत्तेचाळीसचा व्यास ५.०२, उंची ६०.८ टक्के, कट एक्सलंट. म्हणजे जास्तीचे तीन सेंट खाली पोटात होते, कोंदणात गाडले जाणार होते. वरून दोन्ही एकाच आकाराचे. दाराशी नेऊन पाहिले तर सत्तेचाळीस सेंटवाला काठापर्यंत जिवंत होता आणि दुसऱ्याच्या कडेला मंद वर्तुळ दिसत होतं. आकडे आणि डोळे एकच सांगत आहेत, असं पहिल्यांदा घडलं. मी तिथल्या तिथे सत्तेचाळीसवाला निवडला. बीजीएम नाही ना, हे विचारलं, तेव्हा मालकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणून बिलावर लिहून दिलं.

बिल असं झालं. हिरा ६२,०००. सोनं १८ कॅरट, ३.२ ग्रॅम, ५,८५० भावाने १८,७२०. घडणावळ ग्रॅमला ९०० प्रमाणे २,८८०. या सगळ्यावर ३ टक्के जीएसटी २,५०८. हॉलमार्किंगचे करासह ५३. एकूण ८६,१६१ रुपये. निम्मे आगाऊ दिले. अदलाबदलीला किती आणि रोख परत दिल्यास किती, हे तोंडी सांगतात, ते बिलाच्या मागे लिहून सही घेतली. आणखी एक विनंती केली, की हिऱ्याच्या कमरेवर लेझरने कोरलेला क्रमांक सोन्याच्या नखीखाली जाऊ देऊ नका. ही विनंती हिरा बसवण्याआधीच करायची, नंतर उपयोग नाही.

अंगठी पौष संपल्यावर, १ फेब्रुवारीला, ताब्यात घेतली. सोन्यावर ७५० ही १८ कॅरटची खूण आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, होता, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून पाहिला. हॉलमार्क फक्त सोन्याची हमी देतो, हिऱ्याबद्दल काही बोलत नाही. मग भिंग मागून घेतलं आणि कमरेवरचा क्रमांक शोधायला बसले. पंधरा मिनिटं लागली. मागे दोन गिऱ्हाइकं थांबली होती, पण मालकांनी घाई केली नाही. शेवटचे चार आकडे जुळले तेव्हा मी भिंग खाली ठेवलं.

कुडीतला चौदावा हिरा शोधणं मात्र सगळ्यात अवघड गेलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी सराफकाकांना म्हटलं होतं, त्या जागी चांगल्यातला चांगला बसवू, खर्च होऊ दे. त्यांनी एक दहा सेंटचा, एफ रंगाचा नवा हिरा मेणावर चिकटवून त्या खोट्या खड्याच्या जागेवर धरला. तो एकटा इतका पांढरा, इतका कडक दिसला की बाकीचे सहा मळके वाटायला लागले. शिवाय त्याची चमक बारीक ठिणग्यांची होती आणि जुन्यांची संथ, मोठ्या झोतांची. जुन्या कटचे पैलू मोठे, वरचं सपाट तोंड लहान, आणि खालचं टोक छाटलेलं असल्याने आत बघितलं की मधोमध एक इवलंसं वर्तुळ दिसतं. आजच्या गोल हिऱ्याचं गणित १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्कीने मांडलं, त्यानंतर कारागिरी हळूहळू तिकडे वळली. मला हवा होता तो त्या आधीच्या वळणाचा, आणि रंगाने मुद्दाम खालचा.

काकांनी झवेरी बाजारात निरोप दिला. दोन आठवडे काहीच नाही. २१ जानेवारीला मोडीत आलेल्या एका जुन्या नथीतले तीन हिरे जांगडवर आले. मी ते पांढऱ्या कागदाच्या घडीत उलटे ठेवले, तोंड खाली, टोक वर, भाच्याने शिकवलं तसे. पहिला जास्तच पांढरा. दुसऱ्याच्या कडेला कपची. तिसरा अकरा सेंटचा, पिवळसर, आत एक छोटं पीस. अहवाल काढला असता तर एल आणि एसआय १ असं काहीतरी आलं असतं, ज्याला दुकानात कुणी वरच्या ट्रेमध्ये ठेवत नाही. हिरा ५,५००, बसवणावळ ८००. या वेळी काम मी समोर बसून करून घेतलं. नख्या सैल करून जुना खडा निघाला, नवा बसला, आणि काकांनी पेन चौदाही ठिकाणी लावलं. चौदाही वेळा वाजलं. नवीन वजन चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि फोटो पुन्हा काढले.

७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी आईने कुड्या घातल्या. "हिरा लाभावा लागतो," असं ती नेहमी म्हणते, म्हणून नातसुनेला देण्याआधी आठ दिवस स्वतःच्या कानांत ठेवणार होती. पश्चिमेच्या खिडकीत उभी राहून तिने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"नवा कुठला, सांग बघू," ती म्हणाली.

मी जवळ जाऊन बघायला लागले. ऊन सरळ तिच्या कानावर येत होतं.